खासदारानं लोकसभेत प्रश्न इचारला, उत्तरही आलं... मंग पुढं काय होते?

पराटीवाला_पोट्टा:

राम राम मंडळी. प्रश्न जरा बावळट वाटन पण इचारतोच, कारण काल पारावर याच्यावरून आमच्या घरच्याच दोघांत जुंपली न मी मधात सापडलो.

झालं असं का आमच्या खासदार साहेबाच्या माणसानं गावच्या ग्रुपवर फोटो टाकला. साहेब उभे, समोर माईक, वरतं लिहेल "कापूस उत्पादकांचा आवाज संसदेत बुलंद". खाली एक पीडीएफ. मी ते उघडून पाह्यलं (गावात पीडीएफ उघडणारा मीच एक असन, बाकीचे फोटोले अंगठा देऊन मोकळे). तर त्यात भाषण-बिषण काही नाही. अतारांकित प्रश्न अमुक नंबर, अ ब क ड असे चार पोटप्रश्न, न खाली मंत्र्याचं उत्तर. पयल्या तिघाले मिळून एकच उत्तर न एक तक्ता. चौथ्याले "माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल". बस.

इकडं आमच्या घरात पंधरा क्विंटल कापूस पडून आहे. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८११०, खेडा खरेदीवाला त्याच्या हजारभर खाली मागून राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, पयले म्हणे सप्टेंबरपर्यंत, मंग वाढवलं डिसेंबर अखेरपर्यंत, म्हणजे बरोबर आमची वेचाई सुरू झाली तवाच.

तर आबाजी म्हणते खासदारानं प्रश्न इचारणं म्हणजे तहसीलात अर्ज देल्यासारखं आहे, शिक्का मारून टपालात पडते. काका म्हणते असं कसं, संसद सरकारची मालक आहे, तुमीच तर सांगता १९९९ मध्ये एका मतानं वाजपेयीचं सरकार पडलं होतं. त्यावर आबाजी म्हणते, "पडलं ना, कापसाचा भाव वाढला का मंग?"

यावर काकाले काही सुचलं नाही न मलेही नाही. म्हणून अठी इचारतो. संसद सरकारवर नजर ठेवते असं पुस्तकात लिहेल आहे, ते खरंच कसं चालते? उत्तर आल्यावर पुढं काय? न खासदार सत्तेतल्याच पक्षाचा असन तर तो आपल्याच सरकारले काय जाब इचारन?


दिल्लीरिटर्न:

आबाजींना नमस्कार सांगा, ते अर्धे बरोबर आहेत. मी एका खासदाराकडं दिल्लीत चार वर्ष होतो (नाव सांगत नाही, पक्षही नाही, विचारू नका). मुख्य काम प्रश्न टाईप करणं, त्यामुळं या विषयावर जरा जास्तच बोलतो, सहन करा.

पहिले तारांकित न अतारांकित यातला फरक समजून घ्या, सगळी गोम तिथं आहे. तारांकित म्हणजे ज्याच्यावर चांदणी असते, त्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी द्यावं लागतं. लोकसभेत दिवसाला असे २० च घेतात, कोणाचे घ्यायचे ते सोडतीनं ठरतं. अतारांकित २३० पर्यंत, त्याचं उत्तर लेखी, पटलावर (म्हणजे सभागृहाच्या टेबलावर) ठेवलं की झालं. तुमच्या साहेबांचा अतारांकित आहे म्हणजे त्या प्रश्नासाठी ते उभे राहिलेच नसतील, फोटो दुसऱ्या कुठल्यातरी दिवसाचा असन.

मंत्र्याला लेखी उत्तराची भीती नसते, ते खालचे अधिकारी लिहितात. भीती असते पुरवणी प्रश्नाची. तारांकितवर ज्याचा प्रश्न आहे तो तिथल्या तिथं उलटून विचारू शकतो, मग अध्यक्ष बाकीच्यांनाही विचारू देतात, टीव्हीवर थेट चालू असतं, आणि मंत्र्यानं घरचा अभ्यास केला नसला की दोन मिनिटात उघडा पडतो. म्हणून मंत्रालयात त्या दिवसासाठी जाडजूड फाईल बनते, कोण काय उलट विचारू शकतो आणि त्याला काय सांगायचं.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. प्रश्नाची नोटीस कमीतकमी १५ दिवस आधी द्यावी लागते. त्या पंधरा दिवसांत मंत्रालयातून राज्याला, राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला "संसदीय प्रश्न, तात्काळ" म्हणून पत्र येतं. कोणत्याही बाबूला विचारा, त्या पत्रापुढं बाकीची कामं बाजूला. दोन वर्ष न उघडलेली फाईल त्या निमित्तानं कोणीतरी झटकतो. माझं तर म्हणणं आहे प्रश्नाचा निम्मा उपयोग उत्तर यायच्या आधीच होऊन गेलेला असतो.

अडचण ही की ११ ते १२ हा एकच तास, त्यात विसातले पाच-सहा तोंडी होतात, तेही सभागृह चाललं तर. गोंधळ होऊन तहकूब झालं की सगळे तारांकित आपोआप लेखी होतात आणि मंत्री सुटतो. घोषणा कोणीही देवो, सुटका मंत्र्याचीच होते, हे मी चार वर्ष पाहिलं.

आता तुमचा (ड). तो सोडू नका, खरा माल तिथंच आहे. "माहिती गोळा करण्यात येत आहे" असं मंत्री सभागृहात म्हणाला की ते आश्वासन धरलं जातं. त्याची वेगळी आश्वासन समिती आहे, तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं, नाही झालं तर मंत्रालयाला मुदत वाढवून मागावी लागते, आणि समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते की बाबा का लटकलं. पण खासदाराच्या ऑफिसनं पाठपुरावा केला पाहिजे. आम्ही असे आश्वासनांचे कागद एका डब्यात ठेवायचो. बाकीची किती ऑफिसं ठेवतात, विचारू नका.


धुऱ्यावरचा_बोका:

लय झालं बावा पुस्तकी. मी सांगतो कसं चालते ते.

तीन कृषी कायदे. त्यातले दोन २० सप्टेंबर २०२० ले राज्यसभेत आले. विरोधक म्हणे मतं मोजा, तर आवाजी मतदानानं पास. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित. त्या अधिवेशनात कोरोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, तुमचं तारांकित गेलं बोंबलत. कोणत्या समितीलेही दाखवलं नाही. मंग शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर थंडीत बसले, न २९ नोव्हेंबर २०२१ ले तेच कायदे मागं घेतले, तेही दोन्ही सभागृहात चर्चा न करता. तर आता मले सांगा सरकारले कोणं झुकवलं, संसदेनं का ट्रॅक्टरनं?

२०२३ च्या मार्चात बजेटमधल्या साऱ्या खात्याच्या मागण्या गोंधळात चर्चेबिगर पास. आमच्या घरी सरकीच्या ढेपेवरून याहून जास्त चर्चा होते. त्याच वर्षी डिसेंबरात १४६ खासदार निलंबित, म्हणजे इचारणारेच बाहेर.

न आपल्या यवतमाळच्या जळका गावाचं इसरले का? २००८ च्या जुलैत अणुकरारावरून विश्वासदर्शक ठराव होता. राहुल गांधीनं तिथल्या एका शेतकरी विधवेचं नाव भर लोकसभेत घेतलं, देशभर झालं. सरकार २७५ विरुद्ध २५६ नं वाचलं. पंधरा वर्सानं २०२३ मध्ये अविश्वास ठराव आला त अमित शहानं तिचंच नाव काढलं. तवाही सरकार वाचलं. नाव दोन्ही बाजूच्या कामी आलं. कापसाची पराटी आहे तशीच आहे.

न व्हिपचं कोणी बोलूनच नाही राहिलं. १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षानं व्हिप (असंच मत द्या असा हुकूम) काढला न खासदारानं उलट मत देलं का खासदारकी जाते. आमच्याइथं बैलाले मुस्कं बांधतात ना डवरणीच्या वेळेस, पीक खाऊ नये म्हणून, तसं. तो काय जाब इचारन सरकारले? आबाजी पूर्ण बरोबर आहेत, अर्धे नाही.


नागरिकशास्त्राचा_मास्तर:

बोका, तुझं मुस्क्याचं उदाहरण आवडलं. पण बैलाचं मुस्कं जिथं सोडतात तिथंही बघ ना. मी तीस वर्ष हेच शिकवलं (आणि मुलं झोपली, ते सोड), निवृत्तीनंतर आता निवांत वाचतो तेव्हा कळतं की पुस्तकात जे दोन ओळीत होतं तेच खरं काम आहे. समित्या.

व्हिप चालतो सभागृहातल्या मतदानात. स्थायी समितीत चालत नाही. खात्यानुसार अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्री त्यांचा सदस्य होऊ शकत नाही. बैठका बंद दाराआड, कॅमेरा नाही. लोकांना वाटतं बंद दार म्हणजे काहीतरी काळंबेरं, पण कॅमेरा नसल्यामुळंच माणसं एकमेकांवर ओरडत नाहीत आणि सचिवाला समोर बसवून कागद मागतात.

आपल्याकडचंच उदाहरण देतो. २०१२ मध्ये कृषी समितीनं जनुकीय बदल केलेल्या पिकांवर अहवाल दिला. अध्यक्ष बसुदेव आचार्य, बंगालातले कम्युनिस्ट खासदार. समितीत सत्ताधारी काँग्रेसचे होते, भाजपचे होते, सगळे होते. ही समिती आपल्या यवतमाळ जिल्ह्यात येऊन गेली, बीटी कापसाबद्दल गावातल्या लोकांशी बोलली. आणि अहवाल एकमतानं आला, सरकारी धोरणाच्या विरोधात, की शेतातल्या चाचण्या थांबवा. त्या अहवालाशी मी पूर्ण सहमत आहे असं नाही, बीटीनं सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आणली होती हे आपण सगळ्यांनी पाहिलं, पुढं गुलाबी अळीनं काय केलं तेही पाहिलं. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की सत्ताधारी पक्षाच्या खासदारांनी आपल्या सरकारला नको असलेल्या कागदावर सह्या केल्या. सभागृहात असं झालं असतं का?

दुसरं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीची विषबाधा झाली. वीसच्या वर माणसं गेली जिल्ह्यात, गावोगाव दवाखाने भरले होते. आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा. नवं विधेयक २०२० मध्ये राज्यसभेत आलं, पुढच्या वर्षी कृषी समितीकडं गेलं, समितीनं डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. पुढं ते विधेयक बराच काळ पडून राहिलं. म्हणजे समितीनं आपलं काम केलं, पुढचं सरकारच्या हातात होतं. हे मी बोकाच्या बाजूनं सांगतोय, नीट वाच.

पोट्टा, तुझा तिसरा प्रश्न, सत्तेतला खासदार आपल्याच सरकारला काय विचारणार. १९५७ मध्ये एलआयसीनं हरिदास मुंदडा नावाच्या माणसाच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसा घातला, कंपन्या बुडायच्या बेतात. हे लोकसभेत लावून धरलं फिरोज गांधींनी. काँग्रेसचे खासदार, वर पंतप्रधान नेहरूंचे जावई. सुरुवात एका साध्या प्रश्नापासून झाली, उत्तरात गोलमाल दिसली, मग भाषण, मग न्या. छागला यांची उघड चौकशी, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी गेले. सासऱ्याच्या मंत्रिमंडळातला माणूस! तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता हे बोका म्हणेलच, म्हणून मीच म्हणून टाकतो.


पराटीवाला_पोट्टा:

मास्तर, हे मी रात्री आबाजीले वाचून दाखवलं. जावयाच्या गोष्टीवर लय खुश झाले, दोनदा वाचायले लावली.

पण त्यायचं दुखणं वेगळं आहे. २००८ ची कर्जमाफी. आमचं साडेसात एकर कोरडवाहू, एका पावसावरचं. माफी दोन हेक्टरपर्यंत म्हणजे पाच एकर. पश्चिमेकडं पाच एकर ऊसवाल्याले पूर्ण माफी न आमी अडीच एकर जास्त म्हणून मोठे शेतकरी. आमचं तर जाऊ द्या, नियमातच नव्हतो, पण शेजारचा चार एकरवाला, तोही यादीत नव्हता, न ज्याचं वावर कुठं आहे कोणाले माहीत नाही त्याचं नाव होतं. आबाजी म्हणते तवा संसद कुठी होती?


नागरिकशास्त्राचा_मास्तर:

आबाजींचं डाचणं खरं आहे, विदर्भात जमीन जास्त आणि पिकतं कमी हे दिल्लीच्या नियमात बसत नाही. त्यावर ओरड झाली तेव्हा मे २००८ च्या नियमांत पाच एकरवरच्यांना कोरडवाहू आणि दुष्काळी जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २० हजार, जे जास्त असेल ते सूट दिली, पण बाकीचं आधी भरा अशी अट. भरणार कुठून.

शेजाऱ्याचं मात्र संसदेपुढं आलं. कॅग म्हणजे सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी घटनात्मक यंत्रणा, तिचा अहवाल मार्च २०१३ मध्ये संसदेत ठेवला गेला. ५२ हजार कोटींची योजना. कॅगनं ९० हजार ५७६ खाती तपासली, त्यातल्या २२ टक्क्यांहून जास्त खात्यांत गडबड निघाली. आणि ज्यांना लाभ मिळाला नाही अशी ९ हजार ३३४ खाती वेगळी काढून पाहिली तर १ हजार २५७ जण पात्र असून वगळलेले. तुमचा शेजारी अशातलाच असणार.

असे अहवाल लोकलेखा समितीकडं जातात. २२ खासदार, १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा अशी प्रथा आहे. ती अजून टिकून आहे, हे मला आजच्या काळात विशेषच वाटतं. पण बघा, माफी २००८ ची, अहवाल २०१३ चा. वरात निघून गेल्यावर मांडवातल्या खुर्च्या मोजायच्या तसं आहे ते. खुर्च्या मोजाव्या लागतात हेही खरं, नाहीतर पुढच्या लग्नात आणखी जातात.


दिल्लीरिटर्न:

आयात शुल्काचं राहून गेलं होतं. बोका भाऊ, इथं तुम्ही आणखी चिडाल. शुल्क माफ करायला कायदा लागत नाही, संसदेचं मतदान लागत नाही. कस्टम्स कायद्यानंच सरकारला तो अधिकार दिला आहे, अधिसूचना काढली की दुसऱ्या दिवसापासून लागू. ऑगस्टात तसंच झालं, तेव्हा पावसाळी अधिवेशन संपायला दोन-तीन दिवस उरले होते. अधिसूचना नंतर पटलावर ठेवतात, तिच्यात बदल करायचा किंवा ती रद्द करायचा अधिकार संसदेला आहे, पण पटलावर रोज इतके कागद पडतात की ते उघडून वाचणारा खासदार विरळा. तुमच्या भावावर सगळ्यात जास्त परिणाम करणारी गोष्ट सगळ्यात कमी तपासली जाते, हे माझं मत आहे, पटलं नाही तर सोडा.

आणि हमीभावाचं. डिसेंबर २०२४ मध्ये कृषी समितीनं (अध्यक्ष चरणजितसिंग चन्नी, म्हणजे विरोधी पक्षाचे, पण समितीत बहुमत सत्ताधाऱ्यांचंच) हमीभावाला कायद्याची हमी द्या अशी शिफारस केली. शिफारस बंधनकारक नसते. पण काय केलं ते तीन महिन्यांत लेखी सांगावं लागतं, आणि नाही म्हणायचं तर का नाही ते लिहावं लागतं.

रस्ता की संसद, याच्यावर एकच. २०१४ च्या डिसेंबरात भूसंपादनाचा वटहुकूम निघाला. लोकसभेत पास झाला, राज्यसभेत सरकारकडं आकडा नव्हता, विधेयक संयुक्त समितीकडं गेलं, वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून शेवटी ऑगस्ट २०१५ मध्ये सोडून दिला. बाहेर शेतकऱ्यांचा विरोध होता म्हणून आत खासदार ताठ राहिले, आणि आत आकडा नव्हता म्हणून बाहेरच्यांचं ऐकलं गेलं. दोन्ही बैल लागले तेव्हा बंडी हलली.


धुऱ्यावरचा_बोका:

बरं बावा, भूसंपादनाचं मान्य. पण तठी राज्यसभेत बहुमत नव्हतं म्हणून झालं. बहुमत असतं त? समितीकडं बिलं पाठवणं सरकारच्याच मर्जीवर आहे ना? पंधराव्या लोकसभेत शंभरातले सत्तरेक बिलं समितीकडं जात होते, सतराव्यात सोळाच्या आसपास आले. जो तपासला जाणार तोच ठरवते तपासायचं का नाही. आमच्या जिनिंगवर काटा व्यापाऱ्याचा असते न वजनही तोच सांगते, तसंच हे.


हिवाळी_नागपूर:

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. अर्ध्या गोष्टी खासदाराच्या नाहीतच. आयात शुल्क, हमीभाव दिल्लीचं. पण अतिवृष्टीचा पंचनामा, शेतीपंपाची लाईन, तालुक्याचा रस्ता हे मुंबईचं, त्यासाठी आमदाराले धरा. नागपूर करार १९५३ चा, त्याच्यामुळं वर्षाचं एक अधिवेशन नागपुरात होते, तारांकित, लक्षवेधी, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा सगळं तिथंही असते. २०२५ मध्ये ८ डिसेंबरले सुरू झालं न १४ ले खतम. एका आठवड्यात विदर्भाचं काय काय बसवणार, तुमीच सांगा. तरी मोर्चे त्याच आठवड्यात निघतात कारण मंत्री हाताशी असतात. मी दरवर्सी जातो, संत्रा बर्फी घेऊन येतो, बाकी फारसं काही हाती लागत नाही.


सरपंचबाई:

मी जास्त लिहित नाही, वेळ नाही, आमच्याइथं उद्या ग्रामसभा आहे. पण एक अनुभव सांगते.

आमच्या गावची नळयोजना कागदावर पूर्ण झालेली. टाकी उभी, पाईप टाकले, पाणी नाही. मी दीड वर्ष ऑफिसच्या चकरा मारल्या, जो येईल तो म्हणे ताई होऊन जाईन. मग माझा भाचा पुण्याला शिकते, त्यानं मले संसदेच्या साइटवरून एक उत्तर काढून देलं. कोण्या दुसऱ्याच राज्यातल्या खासदारानं प्रश्न विचारला होता, मले तर त्याचं नावही नीट वाचता आलं नाही, पण उत्तराला जोडलेल्या तक्त्यात जिल्ह्यावार माहिती होती न त्यात आपलाही जिल्हा. किती गावं पूर्ण, किती खर्च.

ते मी दिशा समितीच्या बैठकीत घेऊन गेले (केंद्राच्या योजनांवर नजर ठेवणारी, जिल्ह्यात होते ती, खासदार अध्यक्ष असतात, सरपंचाला कोणी सहज बोलावत नाही, मी जाऊन बसले). म्हटलं साहेब, हे मंत्र्यानं संसदेत दिलेलं उत्तर आहे, यात आमचं गाव पूर्ण मोजलं आहे का ते सांगा. मोजलं असन तर संसदेत चुकीची माहिती गेली, नसन मोजलं तर मले लिहून द्या की अपूर्ण आहे. इतकंच बोलले. त्या साहेबाचा चेहरा मी विसरणार नाही. दुसऱ्या आठवड्यात माणसं आली मोटर पाहायला.

पाणी अजून दिवसाआड येते, ते सांगून टाकते, नाहीतर कोणी म्हणन बाई फुशारकी मारते. पण येते.

ग्रामसभेतही असंच आहे. ग्रामसेवकाला तोंडी विचारलं का तो हसते. ठरावाच्या वहीत लिहा म्हटलं का पेन शोधायला लागते.


दिल्लीरिटर्न:

ताई, तुम्ही जे केलं ते मी चार वर्षांत एकाही खासदाराला करताना पाहिलं नाही. चुकीची माहिती दिली गेली असं दिसलं तर मंत्र्याला सभागृहात येऊन दुरुस्ती करावी लागते, म्हणून अधिकारी त्या शब्दाला घाबरतात. साहेबांचा चेहरा उगाच उतरला नाही.

पोट्टा, तुला स्वतःला काही करायचं असेल तर लोकसभेची याचिका समिती आहे, सामान्य माणूसही अर्ज करू शकतो, सभागृहात मांडायचा असेल तर त्यावर एका खासदाराची सही लागते. आणि एखादं विधेयक समितीकडं गेलं की समिती पेपरात जाहिरात देऊन लोकांची मतं मागवते. कीटकनाशकाचं गेलं होतं तेव्हा आपल्याकडून किती गेली असतील कोणास ठाऊक. मोबाईलवर तासभर भांडतो तेवढ्यात दोन पानं होतात लिहून.


धुऱ्यावरचा_बोका:

हे मले टोमणा होता का?


दिल्लीरिटर्न:

हो.


पराटीवाला_पोट्टा:

अपडेट देतो. आज खासदार साहेबाच्या त्या माणसाले फोन लावला. म्हटलं भाऊ तुमी ग्रुपवर टाकलेल्या उत्तरातला (ड), माहिती गोळा करून राहिलो म्हणते मंत्री, ते आश्वासन आहे, तीन महिन्यात आलं पाह्यजे, तुमी तारीख लिहून ठेवली का? तो म्हणे कोणता ड? म्हटलं पीडीएफ उघडा ना. दहा मिनिटानं त्याचा परत फोन, "तुमी कोणत्या पक्षाचे?" म्हटलं पक्षाचा नाही, पंधरा क्विंटल कापसाचा आहे. मंग जरा नरमला, साहेबाले सांगतो म्हणे, लेटरहेडवर पाठवू. पाठवन तवा खरं. तारीख मीच कॅलेंडरवर लिहून ठेवली, गॅसवाल्याच्या नंबरच्या बाजूले.

सरपंचबाईचं आबाजीले वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाही. मंग म्हणे त्या साइटवर २००८ चे उत्तरं भेटतात का पाय, आपल्या तालुक्याचे. पाहून राहिलो. नेट लय स्लो आहे, धुऱ्यावर जाऊन उभं राहावं लागते.